अठरा वर्षांपूर्वीचा बर्फ

स्नेहल आली तेव्हा रडत नव्हती, आणि म्हणूनच मला काळजी वाटली. रडणारं मूल मला कळतं. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढल्यावर एवढं तरी कळायला हवं. पण जे मूल चपला जोडीनं नीट काढून ठेवतं, पाणी नको म्हणतं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून बसतं, त्याच्या पोटात काहीतरी मोठं असतं.

मार्चमधला रविवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. स्नेहल पुण्याहून पहिल्या एसटीनं भोरला आली होती आणि तिची आजी ठकुबाई हिर्डोशीहून दुधाच्या टेम्पोत बसून. स्टँडवर दोघींची गाठ पडली आणि तिथून त्या सरळ आमच्याकडे आल्या. अकरावी-बारावीला स्नेहल भोरच्या वसतिगृहात होती, तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला असायची. नर्सिंगला जायचं वेड तिच्या डोक्यात घातलं ते पद्मजानं. पद्मजा माझी पत्नी. एकतीस वर्षं ती आरोग्यसेविका होती. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतल्या एका पिढीला पहिली सुई तिनंच टोचली. त्यात स्नेहलही आली.

"बाई, हे बघा," असं म्हणून स्नेहलनं पिशवीतून दोन कागद काढले. एक नवाकोरा, प्रयोगशाळेचा. दुसरा पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला आणि चिकटपट्टी लावून जोडलेला. ते तिचं लसीकरणाचं कार्ड होतं. त्यावर तीन तारखा आणि तीन सह्या. सही पद्मजाची, ती मी कुठंही ओळखेन.

"आम्हाला आता वॉर्डात पाठवणार आहेत," स्नेहल सांगू लागली. "सुया हाताळायच्या, रक्त काढायचं. म्हणून कॉलेजनं सगळ्या मुलींचं रक्त तपासलं. हिपॅटायटिस बीविरुद्ध अंगात ताकद आहे का ते बघायला. दहाच्या वर आकडा पाहिजे. माझा आलाय तीन पूर्णांक चार."

ठकुबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रक्तातून पसरणारी कावीळ असते, तिची लस."

"कावीळ मला ठावं हाय," ठकुबाई म्हणाल्या. "फुडचं सांग की ग. ती पोरगी काय बोलली ते सांग."

स्नेहल खाली बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या खोलीत प्रेरणा आहे, पुण्याचीच. तिचा आकडा दीडशेच्या वर आहे. मी कार्ड दाखवलं तिला. ती म्हणाली, कार्डाला काय अर्थ आहे, खेड्यात नुसत्या सह्या करतात. लस कुणी देत नाही."

"नुसत्या सह्या!" ठकुबाईंचा आवाज एकदम चढला. "म्या सोता हिला मांडीवर धरून बसले व्हते. दोनी मांड्यांत सुया. येका मांडीत जुनं विंजेक्शन, दुसरीत नवं. रातभर किरकिरली व्हती. आन ती पुन्याची भवानी म्हंती नुसत्या सह्या? नर्सबाई, तुमीच चला पुन्याला. तुमी सांगा तिला!"

मला वाटलं, पद्मजा आता चिडेल. तिच्या कामावर कुणी बोट ठेवलेलं तिला कधी खपलं नाही. एसटी नाही आली तर ती डोंगर चालत चढायची, पण ठरलेली तारीख चुकवायची नाही. पण तसं झालं नाही. तिनं कार्डावरच्या तारखांवरून बोट फिरवलं, कागद टेबलावर ठेवला आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली.

पाच मिनिटं झाली, भांड्याचा आवाज नाही. मी आत गेलो. गॅस पेटलेलाच नव्हता. ती ओट्याला टेकून उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती प्रेरणा चुकली. सही नुसती नव्हती. पण लस मेलेली असेल."

मला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, पण ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

ही नवी लस तिच्या हाती आली तेव्हाची गोष्ट. लस येण्याआधी सगळ्या सेविकांना एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्या दिवशी पद्मजा रजेवर होती. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी बरोबरच्या एका सेविकेला तिनं विचारलं, काय सांगितलं? ती म्हणाली, लस महाग आहे, नीट थंड ठेव. पद्मजानं ते मनावर घेतलं. तोवर पोलिओच्या लशीचं तिला ठाऊक होतं: जितकी जास्त थंडी, तितकी ती टिकते. मग महागाच्या लशीला त्याहून जास्त थंडी नको का? शिवाय वाट लांबची. हिर्डोशीपर्यंत एसटी, ती आली तर. तिथून पुढं वाडीपर्यंत दीड तास चढण. म्हणून ती पहाटे फ्रीजरमधून बर्फाच्या पट्ट्या, पाणी भरलेल्या चपट्या प्लॅस्टिकच्या डब्या, काढायची त्या दगडासारख्या कडक, त्या तशाच लशीच्या डब्यात चारी बाजूंनी लावायची, मधे लशीच्या बाटल्या, वर झाकण.

"वाडीत पोचल्यावर मी झाकण उघडलं की पोरं गोळा व्हायची," पद्मजा म्हणाली. "तेव्हा वाडीत कुणाकडे फ्रीज नव्हता. काम झालं की मी त्यांना त्या पट्ट्यांना हात लावू द्यायची. बोटं चिकटायची त्यांची. इतका कडक बर्फ असायचा, अकरा वाजतासुद्धा. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा."

त्याच वर्षी जूनमध्ये तिची बदली वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या बाजूला झाली. तिकडे पुन्हा प्रशिक्षण होतं, आणि या वेळी ती हजर होती. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी दोन बाटल्या हातात धरून हलवल्या. एका बाटलीतलं औषध दुधाळ राहिलं. दुसरीत चुरा झाला आणि तळाला बसला. ही बाटली गोठली होती, ते म्हणाले. हिपॅटायटिस बीची लस एकदा गोठली की संपली. पुन्हा वितळली तरी उपयोग नाही. म्हणून बर्फाच्या पट्ट्या बाहेर काढून ठेवायच्या, त्यांना पाणी सुटू द्यायचं, कानाशी हलवल्यावर आत खुळखुळ वाजली की मगच डब्यात भरायच्या.

"मी विचारलं त्यांना," पद्मजा म्हणाली, "कुणी चुकून कडक बर्फात नेली असेल तर? ते म्हणाले, गोठली असेल तर त्या मुलांना पुन्हा द्यावी लागेल. बस. मी खाली बसले. बाटली हलवून बघायची हे मला आधी माहीतच नव्हतं, त्यामुळे गोठली होती की नव्हती तेही सांगता येईना. वाडी माझ्याकडे राहिली नव्हती. नव्या बाईला सांगायला हवं होतं. आज सांगते, उद्या सांगते. मग लाज वाटायला लागली. नऊ मुलं होती त्या वर्षी. नऊच्या नऊ नावं पाठ आहेत मला."

आमच्या घरात बर्फाचा ट्रे कधी भरला जात नाही, हे मला तेव्हा आठवलं. मी समजत होतो, तिच्या घशाला सोसत नाही.

"महिनाभर थांबू," मी म्हटलं. "आधी डॉक्टर मंदारला विचारू, काय ते तपासू. मग त्यांना सांग."

"नाही," ती म्हणाली. "तपासणी चांगली आली तर मी सांगणारच नाही. मी मला ओळखते."

ती बाहेर गेली आणि ठकुबाईंच्या समोर बसून सगळं सांगितलं. बर्फ, प्रशिक्षण, बदली, लाज, काही वगळलं नाही. स्नेहल ओठ घट्ट मिटून ऐकत होती. ठकुबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजी बर्फ जास्त झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन सुई खरी टोचली व्हती."

"हो, ठकुबाई."

"मंग स्नेहल, त्या पोरीला सांग, सही खरी हाय." मग त्या जरा थांबल्या. "पन नर्सबाई, येक बोलू का? बर्फाचं राहू द्या, चूक कुनाचीबी हुती. अठरा वर्सं गप बसला, त्ये काय बरं न्हाई केलं. आमची पोरं व्हती ती."

"नाही केलं बरं," पद्मजा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता.

त्यानंतर चहा झाला. मी केला.

डॉक्टर मंदारचा दवाखाना आमच्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे आणि रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो. मंदार चौथीत माझ्या वर्गात होता. अक्षर तेव्हाही वाईट होतं आणि डॉक्टर झाल्यावर तर त्याला कारणच मिळालं. त्यानं दोन्ही कागद पाहिले, पद्मजाचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"दोन गोष्टी वेगळ्या करू," तो म्हणाला. "पहिली, हा आकडा. हा कमी आहे म्हणजे लस दिलीच नाही, असं होत नाही. तान्हेपणी लस घेतलेल्या पोरांचा आकडा अठराव्या वर्षापर्यंत पुष्कळदा दहाच्या खाली येतो. स्नेहल, तुमच्या वर्गात अशा कितीतरी मुली असतील. तू विचारलंस का कुणाला?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "पाकिटं बंद करून दिली होती. प्रेरणानं आपणहून सांगितलं."

"जिचा चांगला, ती सांगणारच. मोठेपणी पुन्हा डोस घेतला असेल तिनं. ही तपासणी फक्त एवढंच मोजते, की आज रक्तात या रोगाशी लढणारं किती तयार फिरतंय. पण शरीर लस विसरलेलं नसतं. त्याची आठवण वेगळीकडे ठेवलेली असते, आणि ती या कागदावर दिसत नाही. खरा विषाणू आला तर ती आठवण जागी होते आणि काही दिवसांत पुन्हा सगळं तयार होतं. या रोगाला अंगात पसरायला बरेच आठवडे लागतात, तेवढा वेळ पुरतो."

"आणि दुसरी गोष्ट?" पद्मजानं विचारलं.

मंदार जरा गंभीर झाला. "दुसरी तुमची, काकू. लस गोठली असेल तर आठवणच बनली नसेल. ते खरं आहे."

"कसं कळणार?"

"तिच्या रक्तालाच विचारू. आज एक डोस देतो. चार आठवड्यांनी पुन्हा तपासू. आठवण असेल तर आकडा शेकड्यात उडी मारेल. नसेल तर एवढ्या एका डोसानं फारसं काही होत नाही; मग उरलेले दोन डोस द्यायचे, आणि बाकीच्या आठ जणांनाही शोधायचं. कॉलेजला मी लिहून देतो. निकाल येईपर्यंत सुया हाताळू नकोस, एवढंच."

स्नेहलनं बाही वर केली. सुई टोचताना ती मंदारच्या हाताकडे बघत होती, सुई कशी धरली आहे ते. बरी नर्स होईल, मला वाटलं.

परतताना ठकुबाई माझ्याबरोबर चालत होत्या. "गुरुजी, त्यो डाक्टर लई चांगला बोलला, पन मला येक कळंना. रगताला कसली आलीया आठवन?"

मी म्हटलं, "घरी चला, दाखवतो."

रविवारी अकरा वाजता आमच्या ओसरीवर शेजारची चार-पाच मुलं पाढे म्हणायला येतात. फी नाही, शेंगदाण्याचा लाडू मिळतो. आम्ही पोचलो तेव्हा चौथीतली शुभ्रा पायरीवर बसून होती. बाकीची अजून यायची होती. मी ठकुबाईंना आरामखुर्चीत बसवलं.

"ठकुबाई, शाळेत किती शिकलात?"

"दुसरी पास. तिसरीत गेले आन म्हसरामागं लागले."

"सातचा पाढा म्हणा बरं."

"आत्ता?" त्या हसल्या. "साट वर्सं झाली, गुरुजी! काय चेष्टा करताय म्हातारीची."

"येत नाही?"

"न्हाई येत."

शुभ्राकडे वळून मी म्हटलं, "आजींचा सातच्या पाढ्याचा आकडा किती आला?"

"शून्य," शुभ्रा म्हणाली. शिक्षकानं विचारलं की ती फार निर्दय होते.

"आता तू पहिली ओळ म्हण. एकच."

"सात एके सात," शुभ्रा म्हणाली.

ठकुबाईंचे ओठ हलले. "सात दुनं चौदा," त्या पुटपुटल्या. मग अंग आपोआप डोलायला लागलं. "सात तिरीक येकवीस. सात चोक अठ्ठावीस. सात पाचा पस्तीस..." आवाज वाढत गेला. बेचाळीसवर क्षणभर अडकल्या, हातानं हवेत काहीतरी चाचपलं, आणि पुढं सुसाट निघाल्या. "सात दाही सत्तर!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आमच्या सगळ्यांकडे असं बघितलं, जणू कुणी दुसरीच बाई त्यांच्या तोंडातून बोलली होती.

"आता तेवीसचा," मी म्हटलं. "शुभ्रा, पहिली ओळ."

"तेवीस एके तेवीस."

ठकुबाई थांबल्या. थोडा वेळ वाट पाहिली, आतून काही येतंय का ते. "फुडं काय?"

"तुम्ही सांगा."

"त्यो आमाला शिकीवलाच न्हाई."

"झालं तर," मी म्हटलं. "सातचा आणि तेवीसचा, दोन्ही पाढे तुम्ही साठ वर्षांत तोंडातून काढले नव्हते. कुणी तपासलं असतं तर दोन्हीला शून्य. पण एक ओळ कानावर पडली आणि सातचा धडाधड आला, कारण तो कधीतरी पक्का झाला होता. तेवीसचा आला नाही, कारण तो कधी शिकलाच नव्हता. दिवसभर रस्त्यानं पाढे म्हणत कुणी फिरत नाही. स्नेहलचं रक्तही म्हणत फिरत नाही. आज मंदारनं त्याला एक ओळ ऐकवली."

स्नेहल सकाळपासून पहिल्यांदा हसली. ठकुबाई शुभ्राला म्हणाल्या, "बगितलंस का? शून्य म्हंती मला. दे तुजा लाडू."

हसली नाही ती पद्मजा. दाराच्या चौकटीला टेकून ती म्हणाली, "आणि मी तिला सात शिकवलाच नसेल तर?"

याचं उत्तर स्नेहलचं रक्तच देणार होतं. ते चार आठवड्यांनी यायचं होतं.

ते चार आठवडे पद्मजानं स्वस्थ बसून काढले नाहीत. तिनं एक वही घेतली आणि नऊ नावं लिहिली. पहिलं स्नेहलचं, त्याला चौकट. मग ठकुबाईंना फोन करून एकेकाचा पत्ता विचारू लागली. ज्ञानू पानशेतला एका हॉटेलात स्वयंपाक करतो. शिवानी लग्न होऊन साताऱ्याकडे गेली. दोघं जुळे भाऊ चाकणला कंपनीत. ठकुबाई फोनवर इतक्या जोरात बोलत, की मला शेजारच्या खोलीत सगळं ऐकू येई. "बाई, जेवला का आदी? नावं कुटं पळून जात न्हाईत." दहा दिवसांत नऊही नंबर वहीत आले. निकाल काहीही आला तरी या सगळ्यांना फोन करायचा, हे तिनं ठरवलं होतं. फक्त फोनवर काय सांगायचं, ते निकालावर होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला. पद्मजानं तो उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"बाई," स्नेहल म्हणाली. मागं मुलींचा गोंधळ ऐकू येत होता. "बाई, सातशे ऐंशी."

"किती?"

"सातशे ऐंशी!"

"एक शून्य जास्त नाही ना पडलं? नीट वाच. खालचं एकक वाच. नाव तुझंच आहे ना वर?"

"माझंच आहे, बाई. मी तीनदा वाचलं. प्रेरणानंपण वाचलं. आणि बाई, मी वर्गात विचारलं. साठातल्या सव्वीस जणींचा दहाच्या खाली होता! सगळ्या पाकीट लपवून बसल्या होत्या माझ्यासारख्या. डोस घेतल्यावर बहुतेकींचा चढला. मॅडमनी उद्यापासून वॉर्डात यायला सांगितलंय मला."

"प्रेरणा काय म्हणाली?" मी विचारलं.

"सॉरी म्हणाली. आणि तुमचं कार्ड परत मागून घेतलं बघायला."

फोन ठेवल्यावरही पद्मजाचा विश्वास बसेना. कागदाचा फोटो मागवून तिनं मंदारकडे पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन. "काकू, पहिल्यांदाच लस घेणाऱ्याचा महिन्याभरात इतका चढत नाही. ही आठवणच आहे. तुमची लस जिवंत होती."

"पण बाकीचे आठ?"

"तुम्हीच सांगा. किती बाटल्या फोडायचा?"

पद्मजानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूहळू म्हणाली, "दर वेळी एकच. दहा डोसची. नऊ मुलं, एक डोस वाया जायचा."

"म्हणजे स्नेहलच्या मांडीत गेलं तेच सगळ्यांच्या मांडीत गेलं. त्यांना सांगा, घाबरायचं कारण नाही, पुन्हा टोचून घ्यायचीही गरज नाही. कुणी दवाखान्यात काम करत असेल तर तेवढी तपासणी करा म्हणावं."

पद्मजा खुर्चीत बसली. मग पदर तोंडाला लावून रडली, पण ते रडणं मला कळणाऱ्यातलं होतं. थोड्या वेळानं तिनं वही पुढं ओढली आणि पहिला नंबर लावला, ज्ञानूचा. बर्फाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. सगळं ऐकून ज्ञानू म्हणाला, "आयला, नर्सबाई, त्यो बर्फ मला ठावं हाय! माझा मोठा भाऊ लई सांगतो, बोट चिकाटलं व्हतं त्याचं." आठही फोन संध्याकाळपर्यंत झाले.

दिवे लागल्यावर ती म्हणाली, "पण एक कोडं राहिलंच. गोठली कशी नाही? बर्फ तर दगड होता."

मी विचार करत होतो. मग एक जुनी गोष्ट आठवली. "तू माझ्याकडून वह्यांचे पुठ्ठे न्यायचीस."

"कसले पुठ्ठे?"

"पोरांच्या संपलेल्या वह्यांची कव्हरं. एका डब्यासाठी चार-पाच. बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून तू त्या गुंडाळायचीस. वाडीची वाट दगडांची होती ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाटल्यांभोवती जाड पुठ्ठा, म्हणजे बर्फ काचेला थेट लागत नव्हता. तेवढ्यानं वाचली असेल का? नक्की सांगता येणार नाही. मंदारला विचारलं तर तोही म्हणाला, असेल, पूर्वी तसं करत. आम्ही ते असेलवरच सोडलं.

"अठरा वर्षांत हे एकदाही बोलला नाहीत तुम्ही," पद्मजा म्हणाली.

"तू अठरा वर्षांत बर्फाचं बोललीस का?"

तिनं मान हलवली; तिला पटलं होतं.

एप्रिल संपता संपता स्नेहल दोन दिवसांच्या सुट्टीवर आली आणि ठकुबाईंना घेऊन पुन्हा आमच्याकडे आली. दुपारी दोनचं ऊन, दोघी घामानं निथळत होत्या. ठकुबाईंनी आंब्याच्या फोडी सुकवून आणल्या होत्या, आणि आल्या आल्या शुभ्राला हाक मारून त्यांनी नऊचा पाढा म्हणून दाखवला. वाडीत रोज म्हशीपुढं सराव चालला होता म्हणे. स्नेहल वॉर्डातल्या गोष्टी सांगत होती. पहिलं इंजेक्शन तिनं एका आजोबांना दिलं आणि ते म्हणाले, टोचली कधी?

पद्मजा आतून कोकम सरबताचे पेले घेऊन आली. पेल्यांत काहीतरी किणकिणत होतं. मी वाकून बघितलं. बर्फ होता. फ्रीजमधला तो ट्रे तिनं सकाळीच धुऊन भरला होता. त्याच्यावरचा दुकानातला कागद अजून तसाच होता, तो काढताना नख दुखलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"बाई, अजून हाय का बर्फ?" ठकुबाईंनी विचारलं.

"आहे की. भरपूर आहे," म्हणत पद्मजा आतून ट्रेच घेऊन आली.

"मग घाला. पन बेतानं." ठकुबाईंनी पेला पुढं केला आणि डोळे मिचकावले. "तुमचा हात सैल हाय."

पद्मजा इतकी हसली, की तिला ट्रे खाली ठेवावा लागला.